पाचवा शब्द आमच्या घरचा

मावशीचा फोन आला की आधी काही क्षण नुसता श्वास ऐकू येतो. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती कुजबुजतच बोलते. मार्चमध्ये असाच फोन आला. श्वास, मग एकदम, "उत्तम शुक्रवारी रत्नागिरीला ये. पाचवा शब्द यंदा तू बोल."

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना असते. येशू क्रूसावर असताना सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांना आम्ही सात शब्द म्हणतो आणि एकेका शब्दावर एकेक जण बोलतो. बहुतेक ठिकाणी वक्ते दरवर्षी बदलतात. मावशीच्या छोट्याशा चर्चमध्ये मात्र सात शब्द सात घरांना वाटून दिलेले आहेत. कुणी आणि कधी वाटले ते कुणालाच सांगता येत नाही. पहिला क्षमेचा, तो शिवणकाम करणाऱ्यांच्या घरचा. चौथा, 'देवाने मला का सोडलं' हा, खलाशांच्या घरचा. आणि पाचवा, 'मला तहान लागली आहे' हा, आमच्या आजोळचा. आजोबांनंतर तो मावशीकडे आला. तिला मूलबाळ नाही. आवाज गेला तसं पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तिला हळूच सुचवलं होतं की घरचं कुणी नसेल तर पाचवा शब्द दुसऱ्या घराला देऊ. "मी हो नाय म्हटलं," मावशी कुजबुजली, "भाची येईल म्हटलं."

मी शेहेचाळीस वर्षांची, कोल्हापुरात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी बाई. चर्चला जाते, पण प्रार्थनेत अर्ध्याहून जास्त वेळ मनात सामानाची यादी चालू असते. त्यात मला एक खोड आहे. कुठलीही गोष्ट बोलायच्या आधी 'हे आपण खरंच मानतो का' असं स्वतःला विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. अशा माणसाने क्रूसाखाली उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं? तरी मी हो म्हटलं. मावशीला नाही म्हणणं त्याहून अवघड होतं. हेही कारण फार पवित्र नव्हे, याची नोंद रोजनिशीत केली.

गुरुवारी सकाळी सातला निघालो. गाडी विजय, माझा नवरा, चालवत होता. माझ्या मांडीवर सहा पानांचं भाषण आणि पायाशी माझी स्टीलची पाण्याची बाटली. ही बाटली आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे. मी कुणाकडेही गेले तरी पाणी आपलंच पिते. उगीच कुणाला उठायला नको, कुणाचं ओझं नको. विजय म्हणतो, "हिला स्वर्गात नेलं तरी दारात विचारंल, आत पाणी भरून घ्यायची सोय हाय काय?"

कोल्हापूर ते रत्नागिरी अंतर एकशेतीस किलोमीटरच्या आसपास आहे. रस्त्याचं काम जिथे झालंय तिथे गाडी पळते, जिथे चाललंय तिथे लाल धुळीत ट्रकच्या मागे मुकाट चालावं लागतं. चार तास धरून निघा. मलकापूरला पोटभर खाऊन घ्या, म्हणजे आंबा घाटात निवांत थांबता येतं. आम्ही थांबलो तेव्हा दरीवरून वारा येत होता आणि माझं एक पान उडून कठड्याला अडकलं. विजयने पळत जाऊन ते आणलं आणि वाचलं. "तहानेचे शरीरशास्त्र," तो म्हणाला. "मावशी असं बोलायची?"

"मला माहीत नाही ती कसं बोलायची. म्हणून तर लिहिलंय."

घाट उतरला की हवा बदलते, घाम चिकटायला लागतो, आणि माणसांच्या बोलण्याला हेल येतो. पालीला चहाला थांबलो. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे उसळ-पाव खात होते.

"आंबो आला काय रे बाजारात?"

"आला ना. पन तो मुंबयवाल्यांसाठी. आपन वास घ्यायचा आनि म्हनायचं, यंदा गोडी नाय."

दोघेही मोठ्याने हसले. मीही हसले आणि सहा पानं पर्समध्ये ठेवून दिली.

मावशीचं घर मांडवीच्या बाजूला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे एक माड आणि एक फणस. "सलाम," आम्ही ख्रिस्ती रीतीने म्हणालो. "सलाम, सलाम," मावशीने ओठांनीच उत्तर दिलं आणि विजयच्या पोटाकडे बोट दाखवून हवेत मोठा गोल काढला. आवाज गेल्यापासून तिची थट्टा जास्त धारदार झालीय. दुपारी कुळथाची पिठी, भात आणि तळलेले बांगडे. उद्या उपास, म्हणून आज भरपूर, असं तिने हातवारे करून सांगितलं.

संध्याकाळी मी तिला भाषण वाचून दाखवायला बसले. तिने पानं हातात घेतली, तोलून बघितली आणि परत दिली. "उद्या ऐकेन की," ती कुजबुजली. "आज ऐकलं तर उद्या मी तुझ्यासाठी घाबरेन. नाय ऐकलं तर देवासाठी ऐकेन."

शुक्रवारी सकाळी तिने आम्हाला पावसला पाठवलं. तीन वाजता उपास सुटतो तेव्हा चर्चच्या ओट्यावर सगळ्या मंडळींना पन्हं मिळतं, आणि ते पन्हंही आमच्याच घराकडे असतं. तहानेच्या शब्दाच्या घरानेच पन्हं करायचं! कैऱ्या पावसच्या एका बागेतल्या, शेवंतीवहिनींकडच्या. वहिनी म्हणजे मावशीची जुनी मैत्रीण. त्या हिंदू, पण या दिवसाच्या कैऱ्या त्या आधीपासून झाडावर राखून ठेवतात.

ही वाट ज्यांना करायची असेल त्यांनी सकाळीच करावी. भाट्याच्या पुलावरून डावीकडे खाडी, उजवीकडे समुद्र, मग चढ, मग गोळपचा सडा. मैलभर नुसता काळा-तांबडा कातळ आणि वर ऊन. त्यानंतर पावसला उतरताना अचानक आमराया आणि माड लागतात तेव्हा डोळ्यांना थंडाई पाजल्यासारखं होतं. मी उपास धरला होता, पाण्यासकट. म्हणून बाटली मावशीच्या स्वयंपाकघरात मुद्दाम ठेवून आले होते. विजयने इडली खाल्ली होती आणि त्याला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

बाग रस्त्यापासून वर होती. गाडी खाली ठेवून आम्ही दगडी पाखाडी चढलो. पायऱ्या मोजायच्या विचारात होते, पण निम्म्यात सोडून दिलं. वर पोचले तेव्हा छाती भात्यासारखी चालत होती. शेवंतीवहिनी झाडाखाली कैऱ्या पिशवीत भरत होत्या. त्यांनी वर बघितलं आणि मी त्यांना नमस्कार करायच्या आधी बोलून गेले, "वहिनी, पाणी मिळेल का?"

"अगो, ह्यो काय इचार!" त्या आत गेल्या आणि तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आल्या. "आदी गूळ खा. उनातून आलीस, नुसतं पानी बाधतं."

मी गूळ खाल्ला. तांब्याभर पाणी उभ्याने प्याले. पाणी विहिरीचं होतं, थंड, किंचित मातीच्या वासाचं. इतकं चांगलं पाणी मी आयुष्यात प्यायले नसेन. तांब्या खाली ठेवला आणि तेव्हा आठवलं.

"विजय! माझा उपास!"

विजय एका कैरीचा वास घेत होता. "आता काय करतीयास? ओकून टाकतीयास?"

वहिनींना सगळा प्रकार कळला तेव्हा त्या आधी घाबरल्या, मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "तुजी मावशी माज्याकडं आली की धा-धा वेळा इचारावं लागतं, तवा पानी घेते. तू आल्या आल्या मागितलंस. बरं वाटलं मला."

परतीच्या वाटेवर डोक्यात एकच विचार होता. तहानेवर बोलणार होते आणि माझ्या पोटात तांब्याभर पाणी डचमळत होतं. हे लपवायचं की सांगायचं? सांगितलं तर मावशीच्या इतक्या वर्षांच्या जागेवर मी आल्या आल्या डाग लावणार. लपवलं तर प्रत्येक वाक्य खोटं.

बाराला उपासना सुरू झाली. कौलारू चर्च, मंडळी जेमतेम साठ-सत्तर, पुढे काळ्या कापडाने झाकलेला क्रूस. या दिवशी घंटा वाजत नाही. एकेक घर उठत होतं, बोलत होतं, मधे गीत होत होतं. तिसऱ्या शब्दापर्यंत सगळं वेळेत चाललं. मग चौथ्यासाठी शांतवनकाका उठले.

शांतवनकाका सत्तरीचे, जन्मभर बोटीवर काम केलेले. त्यांनी सांगितलं की एकदा एका परक्या बंदराबाहेर त्यांची बोट मालकाने तशीच सोडून दिली. कंपनी बुडाली आणि मालक फोन उचलेना. माणसं बोटीवर, बोट नांगरावर, घर दूर. "आमी रोज फोन लावायचो. वाजायचा. उचलायचा नाय कोन. तवा मला चौथा शब्द समाजला."

इथे ते थांबले असते तर! पण बोटीवरचं पाणी संपत आलं होतं. काका पाण्याकडे वळले. वाटीवाटीने वाटलेलं पाणी, फुटलेले ओठ, चारी बाजूंना समुद्र आणि प्यायला थेंब नाही. तिथून ते येशूला क्रूसावर दिलं त्या गुलगुथ्याच्या टेकडीवरच्या उन्हात पोचले, सुकलेल्या जिभेवर, त्याच्या ओठांना लावलेल्या काठीवरच्या स्पंजावर, आणि त्यातल्या आंबट द्राक्षारसावर. माझं पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. शरीरशास्त्र गेलं, आणि तेही माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. मावशीने माझ्या कानाशी तोंड आणलं. "मेल्याने आपला शब्द खाल्ला."

मी उठले तेव्हा घड्याळात दोन वाजून गेले होते. सहा पानं घडी करून तशीच हातात धरली. समोर सगळे माझ्याकडे नाही, मावशीकडे बघत होते.

"काकांनी पाचव्या शब्दाचं बरंचसं सांगितलं आहे," मी म्हणाले, "आणि ते खरं तहानलेले होते. मी तर आज सकाळी उपासही मोडला."

मग सगळं सांगितलं. पाखाडी, गूळ, तांब्या. मागून एका बाईचा आवाज आला, "शेवंतीकडं गेली म्हंजे मोडनारच!" आणि चर्च हसलं. उत्तम शुक्रवारी, दुपारी दोन वाजता, काळ्या कापडासमोर. मी पाळकांकडे बघितलं. तेही खाली बघून खांदे हलवत होते.

हसू ओसरल्यावर मी जे बोलले ते आधी कधी विचारात घेतलेलं नव्हतं. मी म्हणाले की ज्याने आयुष्यभर लोकांना दिलं, त्याने मरताना लोकांकडे बघून तहान लागल्याचं सांगितलं. मागितलं असंही म्हणता येत नाही. नुसतं सांगितलं. ज्यांनी खिळे ठोकले त्यांच्याच देखत. मी माझी बाटली बरोबर नेते, कारण मला कुणाचं काही लागत नाही असं दाखवायचं असतं. त्याने असं काहीच दाखवलं नाही. देवाच्या पुत्राला पाण्याची गरज सांगायला लाज वाटली नाही, आणि मला शेजारणीकडे तांब्या मागायला वाटते. याचा अर्थ मला पूर्ण कळलेला नाही. पण आज सकाळचं पाणी गोड होतं, आणि ते मी मागितलेलं होतं. आमेन.

तीन-चार मिनिटं झाली असतील. मी खाली बसले. मावशीने माझा हात धरला आणि पुढची दोन गीतं संपेपर्यंत सोडला नाही.

तीन वाजता ओट्यावर पन्हं आलं. वेलचीचा वास, गुळाचा रंग, पेले हातोहात. उपास सुटलेल्या माणसांचा आवाज लग्नघरासारखा असतो. शांतवनकाका पेला घेऊन माझ्याकडे आले. चेहरा पडलेला.

"गो, मी तुजा शब्द खाल्ला म्हनतात. खरा काय?"

"खाल्ला, काका."

"पानी आठवलं की मी थांबतच नाय. तुज्या मावशीला इचार, दरसाल असंच."

मी मावशीकडे वळले. "दरवर्षी?"

ती पन्ह्याचा घोट घेत डोळ्यांनी हसली. म्हणजे तिला माहीत होतं! सहा पानं बघून तिने मला काहीच सांगितलं नव्हतं. "मलाही त्याने असंच रिकामं केलं होतं, पहिल्या वर्षी," ती कुजबुजली. "तेव्हापासून मी लिहीत नाय."

रविवारी, म्हणजे ईस्टरला, पहाटे भाट्याच्या वाळूवर पुनरुत्थानाची उपासना झाली. अनवाणी पाय, ओली वाळू, समुद्राकडे तोंड आणि मागून उगवणारा सूर्य. शांतवनकाकांना प्रार्थना सांगितली होती, ती लांबली, लाट येऊन सगळ्यांचे पाय भिजवून गेली तरी लांबली. मग चहा आणि घरचे केक. निघताना मावशीने गाडीत कैऱ्या, कोकम आणि कुळथाचं पीठ कोंबलं. हापूस स्वस्त व्हायला अजून अवकाश आहे, तेव्हा पेटी घ्यायची असेल तर मेमध्ये जा.

साखरप्याच्या अलीकडे तहान लागली तेव्हा लक्षात आलं की बाटली नाही. विजयने गाडी एका घरासमोर थांबवली आणि माझ्याकडे बघत बसला. मी उतरले. अंगणात एक बाई तांदूळ निवडत होती. तिनेही आधी गूळ आणला.

कोल्हापूरला येऊन आता आठवडा झाला. माझ्यात फार बदल झालाय असं लिहिलं तर ते खोटं होईल. प्रार्थनेत अजून सामानाची यादी येते. सहा पानं ग्रंथालयातल्या टेबलाच्या खणात आहेत, फेकवत नाहीत. एवढं मात्र आहे की परवा दुपारी मी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाले, "जरा पाणी देता का?" त्यांनी इतक्या नवलाने बघितलं की आम्ही दोघी हसलो.

काल मावशीचा फोन आला. श्वास, मग, "तुझी बाटली इथे राहिली. कुणाबरोबर पाठवू काय?"

मी विचार करायला वेळ घेणार होते. सवयीने. पण घेतला नाही.

"नको, तिथेच ठेव. पुढच्या उत्तम शुक्रवारी आल्यावर बघू."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"मग पाळकांना आजच सांगते," मावशी म्हणाली. "आणि शांतवनलाही. चौथ्यातच थांब म्हणावं. ऐकणार नाय तो, पण आपण सांगायचं."