शेकोटीचा पाईप कुठून काढायचा

आमच्या शहरात उन्हाळा आठ महिने असतो आणि उरलेले चार महिने त्याची आठवण असते. अशा ठिकाणी माझ्या मुलानं घरात शेकोटी बसवायची ठरवली. तो बरीच वर्षं थंड मुलखात नोकरीला होता. तिथं त्याच्या घरी काचेमागं गॅसवर पेटणारी शेकोटी होती, तिचं त्याला फार वेड. परत आला, चिकलठाण्याकडं घर बांधायला घेतलं आणि मला म्हणाला, "आई, हॉलमध्ये शेकोटी पाहिजे."

"पाहिजे तर पाहिजे. उन्हाळ्यात काय करशील तिचं?"

"बंद ठेवीन."

म्हणजे वर्षातले अकरा महिने बंद ठेवायला एक वस्तू. असू द्या म्हटलं, देव्हाऱ्यातला शंख तरी मी रोज कुठं वाजवते.

पण मी दोन अटी घातल्या. आग आग्नेय कोपऱ्यातच हवी, आणि दक्षिणेच्या भिंतीला कुठंही भोक नको, ती यमाची दिशा. शास्त्र मला किती कळतं म्हणाल तर माझ्या सासूला कळायचं तेवढं, आणि तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. खरं सांगू का, दक्षिणेला बोळ आहे. तिकडं खिडकी ठेवली की शेजारच्यांचा मिक्सर आपल्या घरात चालल्यासारखा वाटतो. पण "मला आवडत नाही" म्हटलं की घरात कुणी ऐकत नाही आणि "शास्त्रात बसत नाही" म्हटलं की इंजिनिअरसुद्धा नकाशा खोडतो. हे मला या वयात कळलं, पण कळलं.

घर झालं, आम्ही राहायला आलो. शेकोटीचं खोकं यायला वर्ष गेलं. तेवढ्या वर्षात मला घरातली माझी जागा सापडली, आणि ती घराबाहेर होती. पूर्वेच्या भिंतीला लागून एक कडाप्प्याचं बाकडं आहे. हिवाळ्यात सकाळी तिथं पाठ टेकून बसलं की ऊन थेट गुडघ्यांवर येतं. तासाभरात गुडघे कुरकुर थांबवतात. पलीकडची शेजारीण लसणाचं ताट घेऊन येते. ती सोयगावची, मी पिशोरची. दोघींना बोलायला दोन तालुके पुरतात.

मग एके दिवशी खोकं आलं आणि बरोबर फिटर आला. जुन्या शहरातला माणूस, निम्मं मराठी, निम्मं दखनी. त्यानं मला पाईप दाखवला. पाईपाच्या पोटात दुसरा पाईप. "अम्मा, आतल्या पाईपातून धूर बाहर जाता, आणि या दोघांच्या फटीतून बाहरची हवा अंदर येती. घरातली हवा ही घेतच नै. काच पण बंद."

मला कौतुक वाटलं. आमच्या पिशोरच्या चुलीला असली शिस्त नव्हती. तिचा धूर आधी माझ्या डोळ्यांत जायचा, मग सगळ्या घरात फिरायचा आणि वाटलं तर कौलांतून बाहेर पडायचा.

फिटरनं कोपरा मापला, आतून भिंतीवर खडूनं गोल काढला. मग बाहेर जाऊन पूर्वेच्या भिंतीवर तसाच गोल काढला. गोल नेमका माझ्या बाकड्याच्या वर, मी डोकं टेकते तिथं.

"इथं आता बसायचं नै अम्मा. पाईपाचं तोंड लई गरम होतं."

"मग जरा वर काढा की."

"वर बेडरूमची खिडकी हाय. खिडकीखाली धूर सोडता येत नै. बाजूला न्यायचा तर वळणं द्यावी लागतात. जितकी वळणं, तितका धूर आळशी." त्यानं टेप गुंडाळली. "दक्षिणेला सीधा निघतो. बोळ मोकळा, समोरच्या भिंतीला या टोकाला खिडकी नै. पण साहेब बोलले, आईची मनाई हाय."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आग आग्नेयेला मीच मागितली होती, दक्षिण मीच बुजवली होती. उरली माझी पूर्व.

मुलगा म्हणाला, "तू बाकडं सरकव ना."

"सरकवून कुठं नेऊ? पुढं सकाळपासूनच टाकीची सावली, इथं ती साडेनऊला तरी येते."

सून हुशार. ती म्हणाली, "आत्या, हिवाळ्यात तुम्ही आत शेकोटीपुढंच बसा. तुमच्या गुडघ्यांसाठीच तर आणली."

हे मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "मी नाय बाई येणार सोफ्यावर लसूण सोलायला. टरफलं कुठं टाकू, गालिच्यावर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर भिंतीला भोक पाडायचं मशीन घेऊन आला. बाकड्यावर प्लास्टिक टाकलं. मी तिथंच उभी होते. त्यानं मशीनची वायर लावली आणि मी म्हटलं, "थांबा. दक्षिणेला पाडा."

मुलगा हसला. "आणि यम?"

"तुझे वडील गेले त्या घराला दक्षिणेला साधा झरोका नव्हता," मी म्हटलं. "तो दारानं आला होता."

फिटरनं मशीन उचललं आणि बोळाकडं गेला. पाईप त्यानं बाहेरच्या बाजूला किंचित चढता ठेवला, तोंडाला जाळी बसवली. काम सरळ झालं, एकही वळण नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी शेकोटी पेटवली. काचेमागं मातीचे ओंडके, जळत नाहीत, राख नाही, धूर दिसत नाही. सगळे गोल करून बसलो, फोटो काढले. पंधरा मिनिटांनी मुलानं स्वेटर काढला. थोड्या वेळानं सुनेनं पंखा एकवर लावला. शेकोटी मात्र कुणी बंद केली नाही, एवढी लांबून आणलेली.

दोन दिवसांनी मी आणि शेजारीण बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा सून चहा घेऊन आली. कप हातात देऊन म्हणाली, "आत्या, स्वयंपाकघरात उजेड कमी पडतो. दक्षिणेला एक खिडकी पाडू या का? नाही तरी तो दारानंच येतो ना."

शेजारणीनं मान खाली घालून लसूण सोलायला घेतला. तिचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, "पाडा."

दुसरं काय म्हणणार. शास्त्र माझ्याकडं एवढं एकच होतं, ते मी उन्हापायी देऊन टाकलं. आता मिक्सर ऐकू येईल. पण ऊन आहे, साडेनऊपर्यंत.