लायनमनच्या घरातली शिडी

आमच्या घरात शिडी यायला तीन आठवडे लागले, आणि तो दोष सर्वस्वी माझा आहे असं बायकोचं ठाम मत आहे. मी तहसील कार्यालयात अव्वल कारकून. टाचण्यांचा डबासुद्धा मी तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय घेतलेला नाही. आता घरासाठी घ्यायचं म्हणून ही सवय सोडायची म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीशी बेइमानी झाली असती. शिवाय शिडी साधी नव्हती. बाजारात हल्ली घडीची शिडी मिळते. सांध्यासांध्यावर दुमडते, खटके लावले की सरळ होते, मधे वाकवली की घोडा होते, अजून वाकवली की काय होते ते दुकानदारालाही सांगता येत नाही.

शिडी हवी होती ती दादांसाठी. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते वीज खात्यात लायनमन होते. आधी देवगाव रंगारीला, मग सोयगावला, शेवटची वर्षं शहरात. एकतीस वर्षं खांबावर चढले. निवृत्तीच्या पैशांतून एन-सात वसाहतीत हे घर बांधलं, आणि तेव्हापासून जयंतीच्या निळ्या माळा दर एप्रिलला ते स्वतःच्या हातानं लावत आले. गच्चीवर जिन्याची खोली आहे, तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी आणि टाकीभोवती कठडा. कठड्याला चार हुक आहेत, तेही त्यांनीच ठोकलेले. माळा तिथून सुटतात आणि थेट फाटकापर्यंत उतरतात. गल्लीतल्या बाकीच्यांकडं रोषणाईवाला येतो, आणि त्याच्या माळा पहिल्या संध्याकाळीच अर्ध्या विझतात. आमची एकही माळ कधी विझली नाही, हे दादा गल्लीतल्या प्रत्येकाला दरवर्षी नव्यानं सांगतात.

गेल्या वर्षी ते त्या कठड्यापर्यंत पोचतात कसे, हे आम्ही पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. आमच्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळं प्रत्येक गच्चीवर पाणी साठवायचे निळे ड्रम असतात. दादांनी एक रिकामा ड्रम पालथा घातला होता, त्यावर लोखंडी स्टूल ठेवलं होतं आणि स्टुलावर स्वतः उभे होते. वय वर्षं शहात्तर. आमच्या डोळ्यांदेखत स्टूल सरकलं. पाण्याचा पाइप हाताला लागला म्हणून निभावलं, कोपर मात्र सोलून निघालं. खाली उतरल्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की हल्ली स्टुलं हलकी बनवतात.

यंदा अर्धा मार्च उलटला तसं बायकोनं मला स्पष्ट सांगितलं. एक तर भक्कम शिडी आण, नाहीतर दादांना चढू नका म्हणून सांग. दुसरं काम माझ्या आवाक्यातलं नव्हतं. मागं एकदा मी रोषणाईवाल्याचा विषय काढून पाहिला होता. दादा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी म्हणाले, "मी मेल्यावर बोलव त्याला." त्यामुळं शिडीच आणायची ठरली. मी कार्यालयात बसलेलो असेन आणि इकडं ते पुन्हा ड्रमावर चढतील, या एका विचारानं माझा जेवणाचा डबा उघडायचा राहून जायचा.

मी नस्ती उघडली. म्हणजे खरोखरच एक फाइल केली. आधी आठवडाभर मोबाइलवर शिड्यांचे व्हिडिओ पाहिले. त्यात एक गोरा माणूस शिडीची एक घडी करून दाखवतो, हसतो, मग दुसरी घडी करून दाखवतो आणि पुन्हा हसतो. त्याच्या घरात छताला कोळिष्टकंसुद्धा नव्हती, तो शिडी कशाला वापरत असेल देव जाणे. त्याखाली ग्राहकांचे अभिप्राय. एकानं पाच तारे देऊन लिहिलं होतं की शिडी उत्तम आहे, खोकं अजून उघडलेलं नाही.

मग पैठण गेटाच्या बाजूची तीन दुकानं पालथी घातली. त्यांतल्या एका दुकानाच्या पाटीवर शहराचं नवं नाव होतं आणि पावतीपुस्तकावर जुनं; छापलेली पुस्तकं संपेपर्यंत दुकानदार दोन्ही गावांत धंदा करत होता. त्यानं माझ्यापुढं अ‍ॅल्युमिनियमची शिडी उलगडली आणि म्हणाला, "साब, इसमें सोला शिड्ड्यां हैं. एक लेके जाव, सोला घर में आतीं." आठव्या प्रकाराला त्याचं बोट खटक्यात अडकलं, म्हणून उरलेले आठ मी त्याच्या शब्दावर मानले. घरी येऊन मी सोळा प्रकारांचं कौतुक सांगितलं. आपल्या अख्ख्या घरात उंचावरची कामं मोजून तीन आहेत, असं बायकोचं म्हणणं पडलं.

तरी मी तुलनात्मक तक्ता केला. नऊ रकाने होते. उंची, वजन, किती किलोचा माणूस पेलते, खटके किती, हमी किती वर्षांची, पायांना रबर आहे का, घडी केल्यावर दिवाणाखाली मावते का, असं सगळं. दहावा रकाना सुचलाच नाही. तक्त्यात अ‍ॅल्युमिनियमवाली सगळ्यांत सरस ठरली. मी खाली टिप्पणी लिहिली, बायकोकडून मंजुरी घेतली आणि शिडी रिक्षातून घरी आणली. शेजारची दोन माणसं बघायला आली. पैकी एकानं त्याच वेळी ती रविवारसाठी मागून ठेवली, कारण आमच्या गल्लीत शिडी घेतो एक आणि वापरते सगळी गल्ली.

दादा आतून आले. शिडीभोवती एक फेरी मारली आणि बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली.

"कशाची हाय?"

"अ‍ॅल्युमिनियमची," मी म्हणालो. "वजनाला हलकी, आणि गंजत बी नाही."

दादा खुर्चीत बसले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. शेजाऱ्यांकडं बघत ते सावकाश म्हणाले, "लायनमनच्या पोरानं लायटीच्या माळा लावाया अ‍ॅल्युमिनियमची शिडी आणली." मग माझ्याकडं वळले. "करंट काय कारकुनाला वळखतो व्हय रं?"

आमच्या कठड्यापासून हातभर अंतरावरून खांबाची वायर जाते. लहानपणी मी गच्चीवर लोखंडी सळई घेऊन गेलो म्हणून दादांनी मला एकदाच, पण कायम लक्षात राहील असं मारलं होतं. आईनं जन्मभर कपडे सुती दोरीवर वाळत घातले, तारेवर कधी नाही. अशा घरात वाढलेल्या माणसानं नऊ रकाने आखले आणि त्यात विजेचा रकाना नव्हता. मला खरोखर लाज वाटली. शेजारी मात्र पुढची दोन वर्षं पुरेल एवढा विषय घेऊन घरी गेले.

दुकानदारानं परत घेताना विचारलं की शिडीत काय खराबी निघाली. शिडी चांगली आहे, घेणारा वाया गेलेला आहे, असं मी सांगितलं. त्यानं सहानुभूतीनं चहा मागवला.

दादांनी मग निकाल दिला की शिडी म्हणजे बांबूची, आणि बांबू म्हणजे पाचोडच्या आठवडी बाजारातला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, ओळखीच्या माणसाचा टेम्पो घेतला आणि दादांना शेजारी बसवून बीड रोडला लागलो. वाटेत ते भलतेच खुशीत होते. कुठला खांब कुठल्या वादळात पडला होता, ते सांगत होते. बाजारात मात्र त्यांच्या मनाला एकही शिडी येईना. एकीची पेरं लांब, दुसरीचा बांबू पोकळ वाजतो, तिसरीचा कोवळा तोडलेला. विकणारी बाई गुडघ्यावर हात ठेवून हे सगळं ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "बाबा, शिडी चढायची हाय का तिचं लगीन लावायचंय?" आजूबाजूचे हसले, मीही हसलो. दादा हसले नाहीत. आम्ही दोन जुड्या कोथिंबीर आणि एक खराटा टेम्पोत घालून परत आलो.

जयंतीला आठवडा उरला तेव्हा मी तक्ता फाडला आणि विजेची कामं करणारी माणसं जिथून सामान घेतात त्या दुकानात गेलो. तिथं फायबरची घडीची शिडी होती, पिवळ्या रंगाची. करंट धरत नाही. सोळा प्रकार होत नाहीत, फक्त दोन होतात, सरळ आणि घोडा. ती घेतली. दादांना आता बोलायला जागा नाही अशी माझी समजूत होती. त्यांनी जागा काढली. पिवळा रंग डोळ्यांवर येतो. रबर उन्हानं कडक होईल. खटक्याचा आवाज बरोबर नाही. बायको मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली की दादांना शिडीच नकोय असं दिसतंय. मी तिला समजावलं की शिडी नको याचा अर्थ त्यांना ड्रम हवाय. आणि कार्यालयात जाण्याआधी लोखंडी स्टूल शेजाऱ्यांकडं ठेवून आलो. स्वतःच्या हुशारीवर मी त्या दिवशी खूश होतो.

जयंतीच्या आदल्या रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर शिडी उभी केली. मेन स्विच बंद केला. प्रत्येक सांध्याचा खटका मी दाबून पाहिला. माळांचं वेटोळं खांद्यावर घेऊन मी तयार होतो, दादा वर गेले की त्यांच्या हातात द्यायचं. खालून शिडी धरायची एवढंच माझं काम होतं, आणि तेही मी रस्त्याकडं पाठ करून करणार होतो, कारण जिन्याच्या खोलीची पलीकडची भिंत सरळ रस्त्यावर उतरते.

दादांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. पायरी अरुंद आहे म्हणाले. पुन्हा चढले, दुसरीपर्यंत गेले आणि उतरले. वरचा खटका ढिला आहे. मी वर हात लावून पाहिला, खटका पक्का होता. मग म्हणाले की चपला बदलून येतो. गेले, कॅनव्हासचे बूट घालून आले, आणि पहिल्या पायरीपाशीच उभे राहिले.

माझं डोकं फिरलं. तीन आठवड्यांचं सगळं बाहेर पडलं. दुकानं झाली, पाचोड झालं, आता काय क्रेन आणू का, असं बोलून गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू चढ."

मला उंचीची भीती आहे. ट्यूबलाइट बदलतानाही मी टेबल बायकोला धरायला लावतो. हे दादांना माहीत होतं, म्हणून आयुष्यात त्यांनी मला कधी चढायला सांगितलेलं नव्हतं. पण रागात माणूस बरंच काही करतो. मी चढलो. चौथ्या पायरीवर शिडी थरथरू लागली. पाचवीवर जास्तच. मी कठड्याला घट्ट धरलं आणि मनातल्या मनात दुकानदाराचा उद्धार सुरू केला.

"दादा, ही हलतीय," मी वरून म्हणालो. "ही बी परत करावी लागणार."

मी खाली बघायचं धाडस केलं. दादांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती. हात मनगटापासून थरथरत होते.

"शिडीला काय नाय झालं," ते म्हणाले. "हात हलतेत माझे. थंडीपासनं."

अ‍ॅल्युमिनियमचं बोलले ते खरं होतं. पण बांबूची पेरं, पिवळा रंग, अरुंद पायरी, ढिला खटका, यांत काहीच खरं नव्हतं. मी त्यांना पडू न देणारी शिडी शोधत फिरत होतो, आणि ते बिचारे एखादी अशी शोधत होते की जिच्यावर दोष ठेवून न चढता मोकळं होता येईल. पाचोडपर्यंत आले होते त्यासाठी. मला रडू आलं, आणि दोन्ही हात कठड्यात गुंतलेले असल्यामुळं डोळेही पुसता येईनात. खाली उतरून त्यांना धरावं असं फार वाटलं. पण उतरलो असतो तर माळा राहिल्या असत्या, आणि त्या माझ्या दयेनं राहिल्या हे त्यांनी मरेपर्यंत विसरलं नसतं.

"पहिली माळ कुठल्या हुकात?" मी विचारलं.

"डाव्या. आधी दोन येढे घाल, मग गाठ."

मी घातले. चुकीचे घातले, हे खालून लगेच कळलं. उलटे घाल म्हणाले. मी पुन्हा तसेच घातले. तेव्हा त्यांना राहवेना. गाठ कशी मारायची ते दाखवायला त्यांनी उजवा हात शिडीवरून काढला आणि हवेत बोटं फिरवू लागले. शिडी एकदम गदगदा हलली. शेजारच्या गच्चीवरून कुणाला तरी हाक मारता आली असती. बायकोही जिन्यात येऊन उभी होती. मी तिला हातानं तिथंच थांबवलं.

"दादा, सोडू नका," मी म्हणालो. "लई भ्या वाटतंय मला."

हे त्यांचं मन राखायला म्हटलेलं नव्हतं. मला खरंच भीती वाटत होती, आणि त्या वेळी मला धरायला तेच होते.

"धरलीय. तू वर बघ," ते म्हणाले. उजवा हात त्यांनी परत शिडीला लावला, आणि हातांनी भागत नाही म्हटल्यावर छाती पायरीला टेकवून सगळा भार तिच्यावर दिला. मग शिडी हलायची थांबली.