आबांचा घड आणि वडावरची वटवाघळं

मुलांनो, एरंडोलजवळच्या शेतातला वड कुठे गेला, असं तुम्ही फोनवर विचारलंत. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

त्या वडावर मोठी वटवाघळं राहत. आपल्या गावात त्यांना अजून पक्षी समजतात. पक्ष्याला बाहेर दिसणारे कान नसतात, अंगावर केस नसतात आणि तो पिलाला दूध पाजत नाही, एवढं पाहायला शाळेत जावं लागत नाही, नुसती मान वर करावी लागते. पण साथीच्या वर्षी टीव्हीवर वटवाघळांपासून रोग येतो असं काहीतरी ऐकून गाव शहाणं झालं, आणि तुमच्या धाकट्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, वड तोडायचं ठरवलं. कारण सांगितलं ते केळीचं, सगळी बाग खाऊन टाकतात म्हणे.

"वहिनी, बठ्ठी बाग खाई टाकतीस त्या."

मी म्हटलं, "आबा, तुमची केळी हिरवीगार कापून ट्रकमध्ये चढतात. वटवाघूळ पिकलेलंच फळ खातं, तेही रस चोखून चोथा थुंकतं. तुमच्या बागेत पिकलेलं केळ तुम्ही तरी पाहिलंत का? एक उष्टा घड आणून दाखवा."

"हाई बठ्ठं पुस्तकमधलं शे," आबा म्हणाले. पारावरची मंडळी हसली. जन्मभर केळी पिकवलेल्या त्या माणसांपैकी एकालाही माझा मुद्दा कळला नाही.

आठवडाभराने आबा घड घेऊन आले. खरंच उष्टा. पण आपल्याकडे सत्यनारायणासाठी एक घड झाडावरच पिकू देतात, हा तोच होता. अख्ख्या बागेत खाण्याजोगा तेवढाच, आणि तोच वटवाघळांनी खाल्ला.

"आता बोला," आबा म्हणाले.

"बोलते. ही जनावरं एका रात्रीत कित्येक कोस उडतात. हा घड आपल्याच वडावरच्यांनी खाल्ला, हे तुम्हाला कसं कळलं? आणि आत्ता माद्यांच्या पोटाला पिलं बिलगलेली आहेत. वर्षाला एकच होतं. निदान ती उडू लागेपर्यंत थांबा."

आबांनी पूजेच्या आधी हे उरकायचं म्हणून दुसऱ्याच दिवशी फटाके लावले आणि मग करवत. भर दुपारी माद्या पिलांसकट उठल्या आणि उन्हात भिरभिरत राहिल्या. सुटलेली पिलं बांधाखाली पडली. ती उचलायला कुणी पुढे झालं नाही, रोग होईल म्हणून. व्हिडिओ मात्र सगळ्यांनी काढले.

यंदा आबांनी पूजेसाठी पुन्हा एक घड झाडावर राखला. तोही खाल्ला गेला. ही वटवाघळं कुठल्या गावच्या कुठल्या झाडावरून आली होती, देव जाणे. पूजेच्या सकाळी एरंडोलच्या बाजारातून पावडर लावून पिकवलेली केळी आणावी लागली. वरून पिवळीधमक, आत दगड.

"वहिनी, प्रसाद," म्हणून आबांनी द्रोण पुढे केला. मी शिरा खाल्ला. केळं त्यांच्यासमोर द्रोणात तसंच ठेवलं.