दरीतल्या हाकेला ओ

आधी कुरवंड्याच्या हिराबाई मावशींचं नाव लिहितो, मग बाकीचं. शाळा आठवीत सुटली, चुकलं तर सांभाळून घ्या.

भुताखेतावर माझा विश्वास नव्हता. आजही नाही म्हणतो... पण आवाज बारीक होतो.

मी हिंगोलीकडचा. कुरवंड्यात दरीच्या कडेला एका बंगल्याचं रंगकाम चालू होतं. मुकादमानं पहिल्याच दिवशी बजावलं, "दरीकडनं हाक आली तर ओ द्यायची न्हाई. हितं कुणीच देत न्हाई." आमच्याकडं उलटं. शेतातून हाक आली आणि ओ दिली नाही, तर माजलाय म्हणतात.

दुपारी परांचीवर असताना मागून हाक आली — "गजाननाऽ". आवाज माझ्या आईचा. आई तर तिकडं गावाकडं! तोंडातून ओ निघून गेली, वळलो, आणि खाली.

कानामागं डोकं फुटलं. तीन दिवसांनी उजवं तोंड लटकलं, डोळा मिटेना. डॉक्टर म्हणाले, मारामुळं चेहऱ्याची नस सुजलीय. डोळ्यात थेंब घाला, तोंडाचा व्यायाम करा. व्यायाम कसला, तर ओठ गोल करून "ओ" म्हणायचं!

सोबतची पोरं शेजारी जेवेनात. "ह्याला दरीनं धरलंय," म्हणत मुकादमानं माझी पिशवी बाहेर फेकली. आमचे डबे करणाऱ्या हिराबाई मावशींनी ती उचलली. "तोंड वाकडं झालंय, माणूस न्हाई," असं त्याला सुनावून मला घरी नेलं. चहा ओठातून गळायचा, तर म्हणायच्या, "चा पितोस का अंगाला लावतोस रं?"

हाक मात्र रोज दुपारी यायची. आईच्याच आवाजात, पण दात खाऊन मारल्यासारखी. मावशींनाही ऐकू यायची. ओठ गोल होत नव्हते म्हणून मी वाचत होतो.

एक दिवस व्यायाम करताना ओठ गोल झाले, आणि तेवढ्यात हाक! मावशींनी तळव्यानं माझं तोंड दाबलं, दरीकडं बघून स्वतःच ओरडल्या, "ओऽ! काय काम हाय? माज्याशी बोल!"

त्यानंतर मला हाक आली नाही. महिन्याभरात तोंड सरळ झालं. मावशींचं मात्र ओ दिल्यापासून तिसऱ्याच दिवशी लटकलं. डॉक्टर म्हणतात, गार वाऱ्यानं होतं असं. असेल... मला तर काहीच उलगडत नाही.

"कशाला दिली ओ, मावशी?"

"तुजी आय लांब हाय. माजी पोरं हितंच हाईत, बघतील मला."

आता त्यांच्या डोळ्यात थेंब मी घालतो. दुपारी भाकरी थापता थापता त्या थांबतात, कान देतात. काय ऐकू येतं, सांगत नाहीत. मावशी, मला नाही ऐकू येत, पण एक दिवस येईल. त्या दिवशी तुमच्या नावाच्या हाकेला मी ओ देईन.