कादंबरीतला मुलगा परत येतो, असं मी सांगितलं

आमच्या घराण्यात गोष्ट सांगायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघत. घोटीच्या मामांच्या लग्नात वरात दुसऱ्याच मांडवात कशी शिरली, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता मामांनाही ते माझ्याच शब्दांत आठवतं. खरं तर वरात नुसती दारापर्यंत गेली होती. आत मी नेली. तिथलं आइस्क्रीमही मीच खाऊ घातलं.

आता ऐकणारे पांगले. भाचरं पुण्यात, मुलगा टोरंटोत. नवरा घरातच असतो, पण कानात ती दोन पांढरी बोंडं. मी बोलले की एक काढतो, "काय गं?" म्हणतो आणि मी तोंड उघडायच्या आत परत घालतो. मुलाला मी व्हॉइस नोट पाठवते. मागे तो म्हणाला, "आई, तुझ्या नोट्स मी दुप्पट वेगात ऐकतो. मस्त वाटतात." मी माझीच एक नोट तशी लावून बघितली. शेजारीण भाजीवाल्याशी भांडतेय असं वाटलं.

म्हणून मी गंगापूर रोडच्या एका गल्लीतल्या वाचनालयात जायला लागले. एक शनिवार सोडून एक, संध्याकाळी पाचला सहा-सात जण प्लॅस्टिकच्या खुर्च्या गोल मांडून बसतात आणि अलीकडच्या दोन-तीन वर्षांत आलेल्या कादंबऱ्यांवर बोलतात. नियम दोनच. शेवट सांगायचा नाही. आणि बोलून झालं की पुस्तक वर धरायचं. ज्याला वाचावंसं वाटेल त्यानं ते तिथंच हातातून घ्यायचं आणि पुढच्या खेपेला त्याच पुस्तकावर बोलायचं. कुणीच घेतलं नाही तर पुस्तक मुकाट्यानं कपाटात. मी चारदा बोलले आणि चारही वेळा माझा हात वरच राहिला, बसमध्ये दांडी धरल्यासारखा.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका मोबाइलवर पाच मिनिटांचा गजर लावून हा कट्टा चालवतात. त्यांचं आपलं बरं असतं. "नायिका दीडशे पानं खिडकीत उभी आहे हो! तिचे पाय दुखत नाहीत का?" एवढंच म्हणतात, सगळे हसतात आणि तेच पुस्तक घ्यायला दोन-दोन हात पुढे येतात. मी घरी पाठ करून येते, तर लोक घड्याळ बघतात.

पाचव्या खेपेला माझ्याकडे एका नव्या लेखिकेची कादंबरी होती. शहराबाहेरच्या मोठ्या सोसायटीत अकराव्या मजल्यावर एक बाई एकटी राहते. मुलगा परदेशात. तो येणार म्हणून ती रोज त्याच्या खोलीतला पंखा पुसते. शेवटी तो येत नाही. त्याचं काही बरंवाईट होतं असंही नाही. नुसता तिकीट पुढे ढकलतो आणि पुस्तक संपतं. मी ते दोन दिवसांत वाचलं. तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून मुलाच्या खोलीतला पंखा पुसला. धूळ होतीच म्हणा.

शनिवारी बोलायला लागले. समोर सिन्नरहून एसटीनं येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो. सहसा मागे बसतात, बोलतात कमी. त्या दिवशी पंख्याचं आलं आणि त्यांनी खुर्ची पुढे ओढली. ऐकणारं माणूस दिसलं की माझा ब्रेक लागत नाही.

"आणि मग एका सकाळी बेल वाजते," मी म्हणून बसले. "दारात तो! बॅगसुद्धा खाली ठेवत नाही. म्हणतो, आई, पंखा लाव गं, उकडतंय."

गजर वाजला. काका ओरडले, "अहो ताई, शेवट सांगितलात की!"

नाही सांगितला हो, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण तोवर बाईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं होतं. पहिल्यांदाच कुणीतरी घेतलं होतं.

पुढचे पंधरा दिवस मी मनातल्या मनात बाईंच्या मागोमाग पानं उलटत होते. आता शंभरावर असतील. आता शेवटाला आल्या असतील. त्यांना फोन करावा असं रोज वाटायचं, आणि रोज कुकर लावायचा असायचा. लाज होतीच, पण त्याहून भीती मोठी होती. खोटारडी म्हणून या खुर्चीवरून उठवलं, तर साध्या वेगात माझं ऐकणारं नाशकात कोण होतं? नवऱ्याला सांगितलं. एक बोंड काढून तो म्हणाला, "गोष्टच तर आहे." आणि बोंड परत आत.

शनिवार आला. बाई फळ्यासमोर उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. "लेखिकेला एकटेपण दाखवायला रडारड लागत नाही, हे आवडलं. मधली सोसायटीची मीटिंग फार लांबली. शेवटाबद्दल मी नियमाप्रमाणे बोलणार नाही." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. दोन मिनिटांत बसल्या. पुस्तक वर धरायची आठवण काकांना करून द्यावी लागली.

एरवी त्या रिक्षानं द्वारका चौकात जाऊन सिन्नरची बस पकडतात. त्या दिवशी मी म्हटलं, "सोडते." स्कूटीवर मागे बसल्या. चौकात उतरल्यावर पदर सारखा केला आणि मग सुरू झाल्या.

"शेवटचं पान तीनदा वाचलं मी. म्हटलं, पुढची पानं कुणी फाडली की काय? शिवणसुद्धा बघितली."

"बाई, चुकलं माझं."

"चुकलंच. तीस वर्षं पोरांच्या गृहपाठातली थाप पकडली मी, आणि तुमची नाय पकडता आली. आता येईल, आता येईल म्हणून वाचत बसले, तर गॅसवरची वांगी करपली."

मी "तुमचा मुलगा…" एवढंच म्हटलं.

"आठ वर्षं झाली. त्या पुस्तकातला निदान तिकीट पुढे तरी ढकलतो."

चौकात बसेस, जीपा, हॉर्न. आम्ही दोघी एका बंद टपरीच्या आडोशाला उभ्या. मला वाटलं, झालं, आता या कट्ट्यावर यायच्या नाहीत आणि माझ्याही तोंडाला कुलूप. मग त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "बॅग खाली ठेवत नाही म्हणालात. का ठेवत नाही?"

"तेवढ्यात गजर झाला. पुढचं मलाच माहीत नाही."

"आता नाय गजर. सांगा."

मी सांगायला लागले. इतकं हळू मी आयुष्यात कधी काही सांगितलं नसेल. आई हातात पंखा पुसायचं फडकं घेऊन दारातच उभी, म्हणून त्याला आत यायला वाट नाही. तिला बाजूला व्हायचं सुचत नाही. मग तो म्हणतो, भूक लागलीय. ती म्हणते, पोहे करते.

"पोहे नको," बाई म्हणाल्या. "थालीपीठ. कडेनं जरा जास्त भाजलेलं."

"बरं. थालीपीठ."

सिन्नर गाडी आली. कंडक्टर दारात लटकून गावाचं नाव पुकारत होता. मी बाईंची पिशवी उचलून पुढे केली. त्यांनी ती हातातून घेतली आणि खाली, पायाशी ठेवली.

"ही गाडी जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तो अजून दारातच आहे."