आप्पांचा भडका

उन्हाळ्यात ऊन बाधू नये म्हणून टोपीखाली कांदा ठेवणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ. मार्गशीर्षात, सगळी गल्ली स्वेटरात कुडकुडत असताना, कांदा ठेवून हिंडणारे एक आप्पाच. बजाजनगरात ते आमच्या समोर राहायचे. बालपण पाचोडकडे मेंढरांमागे गेलं, नोकरी वाळूजच्या एका कंपनीच्या गेटवर झाली, आणि मिशी अशी की निवृत्त झाल्यावरही कामगार आधी तिला सलाम ठोकायचे, मग आप्पांना.

कांद्याचं कारण होतं प्रोस्टेटचा कॅन्सर. त्यासाठी दर तीन महिन्यांनी शहरात जाऊन हार्मोनचं इंजेक्शन घ्यायचं, आणि त्या इंजेक्शनाने आप्पांच्या अंगात अशी आग उठायची की बोलता बोलता शर्टाची बटणं निघत आणि दोन मिनिटांत माणूस घामाने निथळून गार पडे. "बाई, शाळंत पोरांना सांगा," ते मला म्हणत, "सूर्य आता पूर्वेला उगवत नाय. माझ्या बेंबीत उगवतो." सब्जा झाला, धन्याचं पाणी झालं, वाळ्याचा पंखा झाला. ऊन लागलेल्या मेंढराला जे पाजतात तेही बहुतेक पिऊन झालं असावं. मी खोलात विचारलं नाही.

शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या सरळ म्हणाल्या, "काका, पाळी जाताना बायकांना होतं ना, तसंच हे." आप्पा घरी आले ते मिशीवर रुमाल धरून, आणि त्यांनी जाहीर केलं की पुढचं इंजेक्शन बंद. "कॅन्सर असू दे. हा बायकी आजार नको." मामी, म्हणजे त्यांची बायको, सांगून सांगून थकली. मी माझं शाळेतलं सगळं वक्तृत्व खर्ची घातलं. तारीख जवळ यायला लागली तशी मला खरोखर भीती वाटायला लागली.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. चहूकडे इमारतींचे मजले चढत होते आणि नळ मात्र कोरडे. टँकर आला की अख्खी वस्ती हंडे घेऊन धावायची. अशाच एका रांगेत आप्पांच्या बेंबीत सूर्य उगवला. त्यांनी टोपी काढली, कांदा घरंगळत टँकरखाली गेला. पुढे उभ्या असलेल्या, शिवणकाम करणाऱ्या काकू पदराने स्वतःला वारा घालत होत्या. त्यांनी आप्पांकडे निरखून पाहिलं.

"आप्पा, भडका व्हय?"

"व्हय," आप्पा म्हणाले. खोटं बोलायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

"मग चहा कमी करा. तिखट बी. मला लई फरक पडला. आन् डॉक्टरला सांगा, गोळ्या असत्यात म्हनं."

"सुती बनियन घाला," मागची म्हणाली. आणखी दोघी हंडे ठेवून आल्या. पाच मिनिटांत आप्पांभोवती भडकेवाल्यांचं संमेलन भरलं. मिशीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

रांगेत मागे हंडा घेऊन उभी असलेली मामी तेवढी हसत होती. "मला भडके यायचे तवा तुमी काय म्हनले व्हते? नाटकं करती म्हनले व्हते."

आप्पा रिकाम्या हंड्यात बघत राहिले.

"माझा तर नुसता ताप व्हता. तुमचं औषध हाय ते. मुकाट्यानं जायचं," मामी म्हणाली.

ते गेले, इंजेक्शन घेतलं. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, गोळी मिळाली, भडके निवले. आणि आप्पा दवाखान्याच्या बाकावरचे गुरुजी झाले. नवा गडी घामाघूम दिसला की त्याच्याजवळ सरकायचे. "बायकोला कधी नाटकं करती म्हनलात का? म्हनला असाल तर आधी माफी मागा. निम्मा भडका तिथंच उतरतो." असे किती मिशीवाले त्यांनी आपापल्या घरी माफी मागायला पाठवले, देव जाणे.

पुढे सात-आठ वर्षं आप्पा मजेत जगले. ते गेल्यावर दौलताबादहून एक जोडपं मामीला भेटायला आलं. "आप्पांमुळं मी इंजेक्शन सोडलं नाय," तो माणूस म्हणाला. त्याची बायको लाजत म्हणाली, "आन् यांनी माझी माफी मागितली. पस्तीस वर्सांत पहिल्यांदा. तुमची बी आप्पांनी आधी मागितली असंल ना?"

मामीने तोंडाला पदर लावला. तिचे खांदे हलायला लागले. मी जवळ सरकले, तर बाई हसत होती.

"गावभर वाटली वं त्यांनी," ती म्हणाली, "घरात न्हाई दिली." आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.