हिरव्या गाठी

किनाऱ्यावर फिरायला गेलो की वाळत घातलेल्या जाळ्यांकडे मला सरळ बघवत नाही. काल एका निळ्या जाळ्यात हिरव्या दोऱ्याची ठिगळं दिसली आणि पाय तिथेच अडले.

मी तलाठी असताना मोठं वादळ झालं होतं. सरकारी मदतीसाठी पंचनामे करायला मी कोळीवाड्यात पोचेपर्यंत आठ दिवस उलटले. तोवर एका म्हाताऱ्या नाखव्याने आपलं फाटलेलं जाळं हिरव्या दोऱ्याने विणून पुरं केलं होतं.

"अहो, पंचनाम्यापर्यंत थांबायचं ना!" मी वैतागून म्हटलं.

"फाटलेलं जाळं समोर टाकून हात बांधून बसायचं कसं, भाऊसाहेब?"

कुठे किती फाटलं होतं, ते हिरव्या गाठींत स्पष्ट दिसत होतं. नुसतं बोट फिरवलं असतं तरी नुकसान कळलं असतं. पण मला फोटोत भोक हवं होतं. मी लिहिलं, 'जाळे सुस्थितीत.' म्हणजे मदत नाही. सही घेण्याआधी रिवाजाप्रमाणे ते मोठ्याने वाचूनही दाखवलं.

आपल्या हाताचं कौतुक झालं असं वाटून म्हातारा लाजला, आणि त्याने सही केली.